ग्लो, ग्लीम, ग्लिटर: आद्याक्षरांत अर्थ असतो का?

इंग्रजीतले चकाकण्याचे शब्द एका ओळीत लिहिले की एक गोष्ट लगेच नजरेत भरते. ग्लो, ग्लीम, ग्लिंट, ग्लिटर, ग्लिसन, ग्लिमर, ग्लेअर, ग्लॉस. ओझरते पाहण्याचे शब्द घेतले तरी सुरुवात तीच: ग्लान्स, ग्लिम्प्स. नाकातोंडाशी संबंधित शब्दांकडे वळावे तर तिथे 'स्न' दिसतो. स्नोअर म्हणजे घोरणे, स्निफ म्हणजे हुंगणे, स्नीझ म्हणजे शिंकणे, स्नॉर्ट म्हणजे फुरफुरणे, स्नाउट म्हणजे जनावराचे मुस्कट आणि स्नॉट म्हणजे शेंबूड. घसरण्या-निसरण्याच्या शब्दांत 'स्ल' येतो: स्लिप, स्लाइड, स्लाइम, स्लश, स्लिदर. काही वेळा हे साम्य शब्दाच्या शेवटी असते. आदळण्या-आपटण्याचे बॅश, क्रॅश, स्मॅश, स्प्लॅश एका बाजूला, तर उंचवट्यांचे आणि गोळ्यांचे बंप, लंप, हंप, क्लंप दुसऱ्या बाजूला.

हे उपसर्ग किंवा प्रत्यय नव्हेत. 'बेजबाबदार'मधून 'बे' काढला तर 'जबाबदार' हा धडधाकट शब्द उरतो. 'ग्लीम'मधून 'ग्ल' काढला तर हाती राहणाऱ्या 'ईम'ला काहीच अर्थ नाही. म्हणजे शब्दाचा एक तुकडा अर्थ सुचवतो आणि उरलेला तुकडा मुका राहतो. व्याकरणाच्या नेहमीच्या चौकटीत ही गोष्ट बसत नाही. भाषाविज्ञानात अशा ध्वनिगुच्छाला फोनेस्थीम म्हणतात. तो निव्वळ योगायोग आहे, एकाच मुळापासून वाढलेल्या शब्दांचे घराणे आहे, की त्या ध्वनीतच त्या अर्थाला साजेसे काही आहे, यावर साडेतीनशे वर्षांहून अधिक काळ चर्चा चालू आहे. ती आज कुठवर आली आहे ते पाहू.

मागची पार्श्वभूमी

शब्द आणि अर्थ यांचे नाते निसर्गाने जोडले की माणसांनी ठरवले, हा प्रश्न इंग्रजीहून कितीतरी जुना आहे. प्लेटोच्या 'क्रॅटिलस' या संवादात क्रॅटिलस नाते नैसर्गिक मानतो, तर हर्मोजेनिस ते संकेताने ठरते म्हणतो. सॉक्रेटिस दोघांनाही तपासतो. ग्रीकमधला 'र' हालचाल सुचवतो आणि 'ल' गुळगुळीत, निसरते असे काही सुचवतो, हे तो उदाहरणांसह मांडतो आणि मग या विवेचनाला अपवाद किती निघतात हेही दाखवतो. चर्चेची दोन्ही टोके तिथेच उभी राहिली होती.

आपल्याकडे यास्काच्या निरुक्तात या वादाची एक बाजू भेटते. 'काक' हे नाव पक्ष्याच्या आवाजाच्या अनुकरणातून आले आणि पक्ष्यांच्या नावांत असे पुष्कळदा घडते, असे यास्क म्हणतो. लगेच तो औपमन्यवाचे उलट मतही नोंदवतो, की अनुकरणातून शब्द बनतच नाहीत. पुढे मीमांसकांनी शब्दार्थाचे नाते स्वाभाविक आणि नित्य मानले, नैयायिकांनी सांकेतिक मानले. मात्र ही मते आजच्या वादात सरळ आणून बसवू नयेत असे मला वाटते. मीमांसकांना वेदांचे प्रामाण्य सिद्ध करायचे होते. 'ग' आणि 'ल' जोडून आले की चकाकी का सुचते, हा त्यांचा प्रश्न नव्हता.

युरोपात 1690मध्ये जॉन लॉकने संकेताच्या बाजूने एक साधा युक्तिवाद केला: ध्वनी आणि कल्पना यांच्यात नैसर्गिक बंध असता तर सगळ्या माणसांची भाषा एकच झाली असती. हा मुद्दा अजून कोणी पूर्णपणे मोडलेला नाही. नैसर्गिकतेच्या बाजूने बोलणाऱ्या प्रत्येकाला आजही आधी त्याला उत्तर द्यावे लागते.

यादी कोणी केली

खास इंग्रजीतल्या शब्दांची पद्धतशीर यादी पहिल्यांदा केली ती एका गणितज्ञाने. अनंताचे आडव्या आठसारखे चिन्ह ज्याने रूढ केले तो ऑक्सफर्डचा जॉन वॉलिस. 1653मध्ये त्याने लॅटिन भाषेत इंग्रजीचे व्याकरण लिहिले. त्यात 'स्ट्र'ने सुरू होणारे शब्द जोर दाखवतात, जसे स्ट्राँग, स्ट्राइक, स्ट्राइव्ह, आणि 'डब्ल्यू-आर'ने सुरू होणारे शब्द पीळ किंवा वाकडेपणा दाखवतात, जसे रिंग म्हणजे पिळणे, रिस्ट म्हणजे मनगट, अशी निरीक्षणे आहेत. या दुसऱ्या गटातला 'डब्ल्यू' आता उच्चारातून गेला आहे, फक्त लिहिण्यात उरला आहे. तरी गट टिकून आहे, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

फोनेस्थीम हे नाव 1930मध्ये जे. आर. फर्थ यांनी 'स्पीच' या छोट्या पुस्तकात दिले. 1919 ते 1928 या काळात फर्थ लाहोरला पंजाब विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते. नंतर ते लंडनला गेले आणि ब्रिटिश भाषाविज्ञानाचे एक आधारस्तंभ झाले. त्यांचे म्हणणे नेमके समजून घ्यायला हवे, कारण पुष्कळदा ते उलटे सांगितले जाते. 'स्ल' या ध्वनीत जन्मतः निसरडेपणा आहे, असे फर्थ म्हणत नव्हते. त्या ध्वनीचे बरेच शब्द एका अर्थाचे असल्यामुळे बोलणाऱ्यांना तशी सवय लागते, असे ते म्हणत होते.

त्यानंतर तीनच वर्षांनी अमेरिकेत लेनर्ड ब्लूमफील्ड यांनी 'लँग्वेज' या ग्रंथात बरीच लांब यादी दिली. हलणाऱ्या प्रकाशासाठी 'फ्ल', जसे फ्लॅश, फ्लेम, फ्लिकर. स्थिर प्रकाशासाठी 'ग्ल'. दणक्याने आदळण्यासाठी 'क्र'. या ग्लच्या गटात त्यांनी ग्लूम, म्हणजे काळोखी उदासी, हाही शब्द घातला. प्रकाश नसणे हेही प्रकाशाशीच संबंधित, असा त्यामागचा विचार असावा. पण इथे या सगळ्या याद्यांची एक नाजूक जागा उघडी पडते. अर्थाची व्याख्या सैल केली की हवा तो शब्द गटात घालता येतो. ग्लव्ह म्हणजे हातमोजा, ग्लू म्हणजे डिंक, ग्लेन म्हणजे दरी. हे शब्द मात्र कितीही ताणले तरी बसत नाहीत. स्नो आणि स्नेक यांनाही नाकाचे काही देणेघेणे नाही.

पहिली भूमिका: हे घराण्याचे साम्य आहे

फर्दिनां द सोस्यूर यांची व्याख्याने त्यांच्या पश्चात 1916मध्ये ग्रंथरूपाने आली. शब्दाचे रूप आणि अर्थ यांचे नाते यादृच्छिक असते, हे सूत्र त्यांच्यामुळे आधुनिक भाषाविज्ञानाचा पाया झाले. अर्थाला साजेसा वाटणारा नाद इतिहासाच्या अपघातातूनही येतो, हे दाखवायला त्यांनी फ्रेंचमधला 'फ्वे' हा शब्द घेतला. त्याचा अर्थ चाबूक. ऐकताना वाटते की चाबकाचा सपकारा त्यात उतरला आहे. पण तो ज्या लॅटिन शब्दापासून आला त्याचा अर्थ बीच नावाचे झाड असा आहे. उलट 'पिजन', म्हणजे पारवा, हा शब्द मुळात पिलाच्या चिवचिवाटाचे अनुकरण करणाऱ्या लॅटिन शब्दातून आला, आणि ध्वनी बदलत गेल्यावर ते अनुकरण पुसून गेले.

'ग्ल'च्या बाबतीत ही भूमिका भक्कम आहे. ग्लीम, ग्लो, ग्लास यांचे मूळ व्युत्पत्तिकोश एका आदिम इंडो-युरोपीय धातूकडे नेतात. त्याचा अर्थ चकाकणे असा सांगितला जातो, आणि पिवळसर-हिरव्या रंगाचे शब्दही त्याच कुळातले मानले जातात. इंग्रजीतले गोल्ड आणि यलो त्याच घरातले. संस्कृतातले हरि, हरित, हिरण्य हेही त्याच घरातले, आणि त्यांच्यामार्फत मराठीतला हिरवा आणि हळद. म्हणजे ग्लीम आणि हळद हे दूरचे भाऊबंद ठरतात. मला हे उदाहरण निर्णायक नसले तरी फार बोलके वाटते. आपल्याकडच्या शाखेत मुळातला 'घ'कारासारखा ध्वनी 'ह' झाला, 'ल'चा पुष्कळ ठिकाणी 'र' झाला, आणि तरीही सोन्याचा, रंगाचा अर्थ टिकला. अर्थाला 'ग्ल' या ध्वनीची गरज असती तर तो ध्वनी गेल्यावर अर्थाचेही काही बिघडायला हवे होते.

पण नुसत्या घराण्याने सगळे सुटत नाही. घराण्यात बाहेरून दत्तक आलेले शब्दही आहेत आणि तेही घरच्यांसारखे वागतात. ग्लान्स हा बहुधा जुन्या फ्रेंचमधल्या निसटण्याच्या, सटकण्याच्या अर्थाच्या शब्दातून आला. नेम चुकलेला घाव निसटून जातो तसे. इंग्रजीत आल्यावर तो हळूहळू चमकण्याकडे आणि ओझरत्या नजरेकडे सरकला, म्हणजे 'ग्ल'च्या गटात जाऊन बसला. स्नीझची गोष्ट याहून मजेदार आहे. जुन्या इंग्रजीत शिंकण्याचा शब्द 'फ्न'ने सुरू होत असे. 'फ्न' ही जोडी भाषेतून नाहीशी होत गेली आणि त्या जागी 'स्न' आला. जुन्या हस्तलिखितांतला लांब 'एस' आणि 'एफ' दिसायला सारखे असत, त्यामुळे वाचण्यात चूक झाली असेल, असे एक स्पष्टीकरण आहे. पण मग हीच चूक का रुजली? स्नाउट, स्नॉट हे नाकाचे शब्द आधीच शेजारी असल्यामुळे 'स्न' कानाला बरोबर वाटला असावा, असे अभ्यासक म्हणतात. एम. एल. सॅम्युअल्स यांनी 1972च्या 'लिंग्विस्टिक इव्होल्यूशन' या ग्रंथात हाच विचार पुढे नेला: गटात बसणाऱ्या शब्दाला टिकण्याची संधी अधिक असते.

दुसरी भूमिका: ध्वनीतच काही आहे

या बाजूचा पुरावा मुख्यतः निरर्थक शब्दांवरच्या प्रयोगांतून आला. एडवर्ड सपीर यांनी 1929मध्ये 'मिल' आणि 'माल' अशी बनावट नावे देऊन विचारले, यातले मोठे टेबल कोणते? बहुसंख्य लोकांनी 'माल' मोठे ठरवले. त्याच वर्षी वोल्फगांग क्योलर यांनी दोन आकृत्या, एक टोकदार आणि एक गोलसर, आणि 'टाकेटे' व 'बालुमा' ही दोन नावे पुढे केली. टोकदार आकृतीला टाकेटे हे नाव मिळाले. व्ही. एस. रामचंद्रन आणि एडवर्ड हबर्ड यांनी 2001मध्ये 'बूबा' आणि 'किकी' या नावांनी हाच प्रयोग प्रसिद्ध केला आणि सुमारे 95 टक्के लोक एकच उत्तर देतात असे लिहिले. ओठांचा गोलावा आणि जिभेचा झटका यांची सांगड मेंदू आकाराशी घालतो, असे त्यांचे स्पष्टीकरण होते.

इतके एकमत सगळीकडे आढळत नाही, हे नंतर दिसले. 2022मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात 25 भाषांच्या 917 भाषकांनी भाग घेतला. अपेक्षित जोडी लावणारे सुमारे 72 टक्के निघाले, आणि तुर्की, रोमानियन व मँडरिन या भाषांत परिणाम स्पष्ट मिळाला नाही. रोमन लिपी न वापरणाऱ्यांतही परिणाम दिसला, त्यामुळे 'बी' हे अक्षरच गोल आणि 'के' टोकदार म्हणून असे होते, ही शंका बरीच मागे पडली. नेपाळमधल्या स्युबा भाषकांवर केलेल्या चाचणीत तो मिळालाच नव्हता. त्यांच्या भाषेच्या ध्वनिरचनेत हे शब्द बसत नाहीत, हे त्याचे कारण सुचवले गेले.

खऱ्या शब्दांवरचा सर्वांत व्यापक अभ्यास 2016मध्ये डॅमियन ब्लासी आणि सहकाऱ्यांनी केला. जगातल्या जवळजवळ दोनतृतीयांश भाषांतला मूलभूत शब्दसंग्रह त्यांनी तपासला आणि एकमेकांशी नाते नसलेल्या भाषाकुळांतही काही जोड्या पुन्हा पुन्हा येतात असे दाखवले. नाकाच्या शब्दात 'न', जिभेच्या शब्दात 'ल', लहानच्या शब्दात 'इ'. मराठीचे नाक या नियमात बसते, जीभ बसत नाही. इंग्रजीतही लहान दाखवणाऱ्या 'स्मॉल'मध्ये 'इ' नाही आणि 'बिग'मध्ये मात्र आहे, याची आठवण प्रत्येक टीकाकार करून देतो. ब्लासींचे म्हणणे प्रमाणाचे आहे, नियमाचे नाही. एकेका अपवादाने ते खोटे ठरत नाही, आणि एकेका उदाहरणाने सिद्धही होत नाही.

इथे एक भेद करायलाच हवा. बूबा-किकीचा पुरावा 'ग्ल'ला आपोआप लागू होत नाही. नाकाचा शब्द उच्चारताना 'न'ची हवा नाकातूनच जाते, तेव्हा 'स्न'च्या बाबतीत शरीराशी नाते निदान समजण्यासारखे आहे. कंठात अडवलेला 'ग' आणि त्याला लागून 'ल' यांत प्रकाशासारखे काय आहे, हे कोणी पटेल असे सांगितलेले नाही. एकाच नावाखाली दोन वेगळ्या जातींचे गुच्छ आपण ठेवत आलो आहोत, असे माझे मत झाले आहे.

तिसरी भूमिका: गट बोलणाऱ्याच्या मनात आहे

फर्थ यांचा सवयीचा विचार 2004मध्ये बेंजामिन बर्गन यांनी प्रयोगात आणला. एक शब्द क्षणभर दाखवायचा, मग दुसरा दाखवायचा, आणि हा इंग्रजी शब्द आहे की नाही हे किती झटकन सांगता येते ते मोजायचे. ग्लिटरनंतर ग्लो आला की उत्तर लवकर येत होते. नुसत्या आवाजाच्या साम्याने किंवा नुसत्या अर्थाच्या साम्याने तेवढा फरक पडत नव्हता. दोन्ही साम्ये असूनही भाषेत ज्याचा मोठा गट नाही अशा जोडीलाही तो फायदा मिळाला नाही. बर्गन यांनी संख्याही दिल्या. ब्राउन कॉर्पस या इंग्रजी मजकूर-संग्रहात 'ग्ल'ने सुरू होणाऱ्या वेगवेगळ्या शब्दांपैकी सुमारे 39 टक्के शब्द प्रकाशाचे किंवा दृष्टीचे होते, आणि वापराच्या एकूण वेळा मोजल्या तर सुमारे 60 टक्के. म्हणजे गट खरा आहे, पण निम्म्याहून अधिक 'ग्ल' शब्द त्याच्या बाहेर आहेत.

यामुळे चर्चेची भाषाच बदलली. 2015मध्ये मार्क डिंगेमान्से आणि सहकाऱ्यांनी तीन गोष्टी वेगळ्या करून मांडल्या: यादृच्छिकता, म्हणजे रूप आणि अर्थ यांचा काही संबंध नसणे, प्रतिमात्मकता, म्हणजे रूप अर्थासारखे असणे, आणि नियमितता, म्हणजे कारण काहीही असो, एका अर्थाच्या शब्दांत एक ध्वनी प्रमाणाबाहेर येणे. 'ग्ल'मध्ये तिसरी गोष्ट नक्की आहे, दुसरी आहे की नाही ते ठाऊक नाही. पॅड्रिक मोनाहन आणि सहकाऱ्यांनी 2014मध्ये इंग्रजीतले एकाक्षरी शब्द तपासले. ध्वनी आणि अर्थ यांची सांगड थोडी पण योगायोगाहून अधिक निघाली, आणि मुले लवकर शिकतात त्या शब्दांत ती जास्त दिसली. शब्दसंग्रह लहान असतो तोवर अशी सांगड मदत करते. तो वाढला की जवळच्या अर्थाचे शब्द ऐकायलाही सारखे झाले तर घोटाळा होतो, आणि तिथे यादृच्छिकता उपयोगी पडते. सोस्यूर यांच्या सूत्राला हा विरोध नाही. भाषेला यादृच्छिकता का लागते याचे हे एक चांगले कारणच आहे.

मराठीच्या बाजूने पाहता

इंग्रजीत जे थोडे आहे ते आपल्या भाषांत उदंड आहे. मरी एमेनो यांनी 1969मध्ये दाखवले की अनुकरणवाचक शब्दांचे साचे इंडो-आर्य आणि द्राविड या दोन्ही कुळांत समान आहेत आणि ते भारतीय उपखंडाचे सामायिक लक्षण मानता येते. मराठीत काही गरगर फिरते, कन्नडमध्येही गरगरच फिरते. दोन कुळांना समान असलेल्या शब्दाचे कारण एका कुळाच्या वंशात सापडणार नाही. ते शेजारात शोधावे लागेल किंवा नादात.

मराठीत चकाकण्याच्या शब्दांची सुरुवात एक नाही: चकचक, चमचम, लखलख, झगमग, झळाळ. मराठीतला ठळक गुच्छ शब्दाच्या पोटात आहे, आणि तो 'ळ'चा. वाहण्या-पाझरण्याचे शब्द पाहा: खळखळ, झुळझुळ, घळघळ, भळभळ, ओघळणे, पाघळणे, विरघळणे, निथळणे, घरंगळणे, गळणे. बोटांना जाणवणारे: गुळगुळीत, बुळबुळीत, गिळगिळीत. आणि मग आतल्या आत होणारे: तळमळ, हळहळ, मळमळ, तळतळाट, जळफळाट, कळवळा. पोटातले ढवळणे आणि मनातले ढवळणे एकाच नादाने सांगणारी ही रांग मला इंग्रजीतल्या कुठल्याही गटाहून श्रीमंत वाटते.

तरीही सावध राहायला हवे. संस्कृत-प्राकृतातला दोन स्वरांमधला एकटा 'ल' मराठीत नियमाने 'ळ' होतो. फलाचे फळ, कालाचा काळ, शालेची शाळा. त्यामुळे 'ळ' मुळातच फार ठिकाणी आहे, आणि त्याची गणती केल्याशिवाय ओघळण्याच्या गटाला विशेष म्हणता येत नाही. 'इ'चेही तसेच. वाटा-वाटी, खुंटा-खुंटी, सुरा-सुरी, डबा-डबी यांत 'ई' लहानपणा दाखवते. पण ती संस्कृतातल्या 'इका' प्रत्ययाची वारस आहे. सपीर यांचा प्रयोग मराठी माणसावर केला आणि त्याने 'मिल' लहान ठरवले, तर ते नादामुळे की व्याकरणामुळे, हे सांगता येणार नाही. मोल्सवर्थच्या 1857च्या कोशातच अनुकरणवाचक शब्दांचा एवढा साठा आहे की गणतीचे काम आज सुरू करता येईल.

काय सुटलेले नाही

गट खरे आहेत आणि बोलणाऱ्यांना ते जाणवतात, याबद्दल आता फारसा वाद उरलेला नाही. गट कसा जन्मतो याबद्दल आहे. दोन-तीन शब्द योगायोगाने जमले आणि सवयीने इतरांना ओढून घेतले, असे एक चित्र; नादाच्या ओढीनेच ते पहिले शब्द जमले, असे दुसरे. इतिहासाच्या नोंदी लिहिलेल्या शब्दांपासून सुरू होतात आणि हे शब्द त्याआधीचे आहेत, म्हणून कोशांतून याचा निकाल लागणे अवघड दिसते. गटाच्या सीमा कोणी आखायच्या, हाही पेच आहे. ग्लूमला आत घ्यायचे की नाही हे अभ्यासकाने ठरवू नये म्हणून अलीकडे मोठ्या मजकुरातल्या शब्दांच्या शेजारावरून संगणकाकडून अर्थाची जवळीक मोजून घेतात. त्यात अभ्यासकाचा कल आड येत नाही, पण शेजार आणि अर्थ या दोन गोष्टी एकच धराव्या लागतात.

मला सर्वांत उपयोगी वाटणारी चाचणी भारतात करता येण्यासारखी आहे. इंग्रजी जन्मापासून कानावर पडलेली मुले, मराठी शाळेत पाचवी-सहावीपर्यंत थोडेच इंग्रजी शब्द शिकलेली मुले आणि इंग्रजीचा जेमतेम परिचय असलेली वडीलधारी माणसे आपल्याकडे एकाच गावात भेटतात. 'ग्लाम' आणि 'प्राम' असे दोन बनावट शब्द देऊन, यातला चकाकणारा कोणता, एवढेच तिन्ही गटांना विचारावे. कौल शब्दसंग्रहाबरोबर वाढत गेला तर फर्थ बरोबर होते. इंग्रजी न येणाऱ्यांनीही 'ग्लाम'च निवडला तर 'ग'कार आणि 'ल'कार यांत प्रकाशासारखे काय आहे, याचा शोध नव्याने घ्यावा लागेल. 'स्न'साठीही तोच प्रश्न, नाकाबद्दल, विचारावा. दोन्ही गुच्छांची उत्तरे वेगवेगळी येतील असा माझा अंदाज आहे.